लेकरू लहान, मजुरीला जाता येत नाही. घरूनच काही कमाई होईल का?

आर्वीकडची_सून

नमस्कार सगळ्या ताईंना. मी आर्वी तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका लहान गावात राहते. बी.ए. झालं आणि लगेच लग्न झालं. मुलगी पहिलीत आहे, मुलगा अडीच वर्षांचा. शेत चार एकर, कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा होईपर्यंत मी घरचं निंदण, वेचणी करून लोकांच्या वावरातही जात होते. आता जमत नाही. सासूबाई लेकराला बसल्या जागी सांभाळतात, पण त्यांचे गुडघे गेलेत, त्याच्यामागे धावणं त्यांच्याच्यानं होत नाही.

लाडकी बहीणचे १५०० येतात, ते सासूबाईंच्या गोळ्या आणि मुलीचा खर्च यातच संपतात. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी हात पसरावा लागतो. ते नाही म्हणत नाहीत, पण कापूस विकेपर्यंत त्यांच्याही हातात काही नसतं. मला महिन्याला तीन-चार हजार तरी स्वतःचे हवे आहेत.

माझ्याजवळ काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. माहेरून मिळालेली पायाची शिलाई मशीन आहे. परकर, उशीचे अभ्रे, झबली शिवते. ब्लाउज येत नाही. सासूबाईंच्या हातच्या मुंगवड्या नातेवाईक दरवर्षी मागून नेतात. फ्रीज नाही. दुपारी लाइट जाते. मोबाइलचं नेटवर्क स्लॅबवर गेलं की येतं. साठवलेले पाच-सहा हजार आहेत. कर्ज घ्यायचं नाही, पीककर्जच डोक्यावर आहे.

सगळ्या व्हिडिओत सांगतात की घरबसल्या ऑनलाइन कमवा, चॅनल काढा. माझ्याकडे सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर दोन-अडीच तास आणि लेकरू दुपारी झोपतं तो वेळ, एवढाच असतो. त्यात खरंच काय होऊ शकतं? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगावं ही विनंती. पेन पॅकिंगच्या कामाचाही एक मेसेज आला आहे, आधी १५०० रुपये नोंदणीचे भरायला सांगतात. ते खरं असतं का?

---

चांदूररेल्वेची_ताई

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते तातडीचं आहे. पैसे भरू नका. एक रुपयाही नाही.

माझ्या जावेच्या बाबतीत हे झालं आहे, म्हणून पूर्ण पद्धत सांगते. आधी नोंदणी म्हणून थोडे पैसे घेतात. मग आधार कार्ड, फोटो मागवतात आणि एक करारनामा पाठवून मोबाइलवरच सही करायला लावतात. त्यानंतर माल पाठवण्याची फी, मग विमा, मग आणखी काही. माल येतच नाही, किंवा आला तर तुमचं पॅकिंग ‘क्वालिटीत बसत नाही’ म्हणतात. तुम्ही काम सोडते म्हटलं की व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस येते, करार मोडला म्हणून इतके हजार भरा, नाहीतर कोर्टात ओढू. जाऊबाईला ताप भरला होता त्या नोटिशीनं. ती नोटीसही खोटीच होती.

पेन, पेन्सिल यांचं पॅकिंग कारखान्यात मशीनवर होतं. पाच रुपयांच्या पेनाचं पॅकिंग करून घ्यायला कोणी आपल्या गावापर्यंत माल पाठवून परत नेणार नाही, त्याला परवडणारच नाही. काम देणारा कामाचे पैसे देतो, मागत नाही, एवढं धरून चाला. कोणी पैसे भरून बसलं असेल तर १९३० या नंबरवर लगेच फोन करावा, हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढे जायच्या आत थांबण्याची आशा.

---

शिलाईवाली_दारव्हा

ताई, मशीन घरात आहे म्हणजे तुमचं अर्धं काम झालं आहे. ब्लाउज येत नाही म्हणून थांबू नका. सुरुवात फॉल-पिकोपासून करा. फॉल हातानं लावायचा असतो, त्याला लाइट लागत नाही, लेकरू शेजारी खेळत असलं तरी चालतं, आणि बिघडलं तर उसवून परत लावता येतं. ब्लाउजचं कापड एकदा चुकीचं कापलं की साडीवालीचं आणि आपलं, दोघींचं नुकसान. माझ्याकडे फॉल-पिकोचे ६० रुपये आहेत. पिकोची मशीन नसेल तर पिको तालुक्याला एकत्र नेऊन करून आणायचा आणि फॉल आपण लावायचा, बऱ्याच जणी असंच सुरू करतात.

ब्लाउज शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. सगळ्या तिला आरसेटी म्हणतात. प्रशिक्षण फुकट असतं, राहणं-जेवणही त्यांचंच. तुमची अडचण लेकराची, महिनाभर बाहेर राहता येणार नाही. पण पंचवीस-तीस बाया जमल्या तर ते गावातही वर्ग घेतात, आमच्या गावात तसाच झाला. शेजारच्या दोन-तीन गावांतल्या बाया मिळून अर्ज करा.

पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं. ती २०२३ मध्ये सुरू झाली. त्यात थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर असं आहे. कर्जही मिळतं, पण ते घेतलंच पाहिजे असं नाही, हे नीट समजून घ्या. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो. आमच्या भागात मध्ये शिंपीकामाचे अर्ज फार वाढले होते, त्यामुळे नोंदणी सध्या चालू आहे का ते सीएससी केंद्रावर (सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देतात तिथे) आधी विचारून मगच कागद काढा.

गणवेशाबद्दल दोन शब्द. २०२४ मध्ये राज्यानं शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम बचत गटांकडे दिलं होतं, नंतर निर्णय फिरला आणि काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं. आमच्याकडे काही जणींनी त्याच भरवशावर मशिनी घेतल्या होत्या. म्हणून सरकारी ऑर्डरवर सगळं उभं करू नका. पण तुमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एप्रिलमध्येच जाऊन भेटा. समितीत गावचेच पालक असतात. पन्नास पोरांचे गणवेश गावातच शिवले जाणार असतील तर त्यांनाही तालुक्याच्या फेऱ्या पडत नाहीत.

आणि उधारी. गावात सगळ्या म्हणतात, ‘कापूस विकला की देते.’ माझा नियम असा आहे की अस्तर, फॉल, हुक यांचे पैसे आधी घ्यायचे. शिलाई राहिली तर राहू दे, पण आपल्या खिशातलं जाता कामा नये.

---

समुद्रपूरची_काकू

बाई, तुझं सगळं वाचलं. तू मशीन आधी लिहिली आणि मुंगवड्या नंतर लिहिल्या. मी उलटं करीन. तुझ्या घरातलं खरं भांडवल तुझ्या सासूबाई आहेत. गुडघे गेले, पण हात आहेत ना? वडी बसूनच घालतात.

मी समुद्रपूर तालुक्यातली. मुंगवड्या, कुरोड्या, शेवया, उडदाचे पापड हा माझा धंदा. आधी घरापुरतं करत होते, आता आम्ही गटातल्या चार जणी मिळून करतो. माझी मुलंही लहानच होती सुरू केलं तेव्हा.

पहिली गोष्ट, गावात विकायचा विचार सोड. गावात प्रत्येकीच्या घरी मूग आहे, अंगण आहे, ऊन आहे. ती तुझी वडी ६० रुपये पावानंही घेणार नाही, आणि घेतली तरी उपकार केल्यासारखी घेईल. जिथे गच्ची नाही आणि कोहळा किसायला वेळ नाही तिथे वडी विकते. नागपूरचे फ्लॅट, पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं, त्यांच्या बायका. मूळ आपल्याकडचे, पण घरी वाळवण होत नाही, असे लोक शोध. तुझे नातेवाईक जे ‘मागून नेतात’ म्हणतेस, तेच तुझे पहिले गिऱ्हाईक. यंदा त्यांना प्रेमानं सांग, घरची चव हवी असेल तर डाळीचा आणि मजुरीचा भाव द्या. पहिल्यांदा सांगताना जड जातं. एकदा सांगितलं की कोणी वाईट मानत नाही, उलट शेजारणीचीही ऑर्डर आणून देतात.

आता हिशोब सांगते, वहीत उतरवून घे. पाच किलो सालीची मूगडाळ, ११० च्या भावानं ५५० रुपये. एक मोठा कोहळा, १००. आलं, लसूण, हिरवी मिरची, सांबार (कोथिंबीर), जिरं, हिंग मिळून १५०. वाटून आणणं ५०. पिशव्या आणि लेबल ७०. झाले ९२०. पाच किलो डाळीच्या साधारण पाच किलोच वड्या निघतात, म्हणजे पावपाव किलोचे वीस पुडे. ८० रुपयाला पुडा दिला तर १६०० येतात, उरले ६८०. ६० ला दिला तर १२०० येतात, उरले २८०. मेहनत दोन्हीकडे तेवढीच. या ६८० मध्ये तुझी आणि सासूबाईंची, दोघींचीही मजुरी धरली पाहिजे. निंदणाला गेली असतीस तर किती मिळाले असते, त्याच्याशी ताडून बघ. बहुतेक बाया डाळ धरतात, मसाला धरतात आणि स्वतःचे हात धरत नाहीत. मग वर्षभर राबून हातात काही का राहत नाही ते कळत नाही.

तुझ्या वेळेत कसं बसेल ते सांगते. रात्री डाळ भिजत घाल. सकाळी साल फार काढत बसू नको, थोडी राहिली तर चव येते. वाटण भरड ठेव, बोटांना रवाळ लागलं पाहिजे. गंधासारखं गुळगुळीत वाटलं की वडी वाळून दगड होते, शिजता शिजत नाही. कोहळा किसून घट्ट पिळायचा, आणि ते पाणी फेकायचं नाही, वाटताना तेच वापरायचं. मीठ हात राखून, कारण वाळल्यावर खारट लागतं. मुलगी शाळेत गेली की दोघी स्लॅबवर नाहीतर अंगणात धुतलेल्या सुती लुगड्यावर वड्या घाला. मार्च ते मे आपल्याकडे ऊन असं असतं की दुसऱ्या दिवशी वडी आपोआप कापडावरून सुटते. सुटली की उलटवायची, आणखी एक-दोन दिवस कडक वाळवायची. दोन वड्या एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजल्या पाहिजेत. आवाज बद्द आला तर डब्यात बुरशी धरणार. अवकाळीच्या दिवसांत आभाळ बघून डाळ भिजव.

कुरोड्या मात्र एवढ्यात नको. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवू द्यायचा, आणि पहाटे आधणात घालून घोटायचा. घोटायला दोघी धडधाकट बाया लागतात आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. अडीच वर्षांचं पोर घरात, चुलीवर उकळता चीक. नाही. पुढच्या वर्षी बघ.

पावसाळ्यात वाळवण बंद होतं, म्हणून लोक धंदा सोडतात. मी तेव्हा जवसाची आणि तिळाची चटणी करते. भाजायचं, कुटायचं, पुडा भरायचा, उन्हाचं काम नाही. आणि माझ्या तालुक्यातली वायगावची हळद. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतकऱ्याकडून हळकुंड घेऊन, दळून, पाव किलोच्या पुड्यात देते. नागपूरची एक गिऱ्हाईक वड्या सोडून आता हळदच मागवते. तुझ्याकडे आर्वीच्या बाजूला संत्रा आहे, जवस आहे, अंबाडी आहे. भोवती काय पिकतं ते बघ.

खाण्याचं विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढ. लहान धंद्याची सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, आधार आणि फोटो लागतो. भरून देणारा त्याचे वेगळे घेईल, किती घेणार ते आधी विचार. त्याचा चौदा आकडी नंबर पुड्यावर टाकायचा. पुड्यावर काय आहे, वजन किती, कधी बनवलं, कोणी बनवलं, हेही. माझी चव तीच होती, पण लेबल लागल्यावर भाव मागताना आवाज चढला.

माल पाठवायला नागपूर-पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाले पार्सल घेतात, नाहीतर पोस्ट आहे. भाडं गिऱ्हाइकाचं. पैसे आधी, पुडा नंतर.

---

ग्रामसंघाची_लेखापाल

काकूंनी गटाचा उल्लेख केला म्हणून त्याबद्दल लिहिते. तुम्ही कोणत्या बचत गटात आहात का ते लिहिलं नाही. नसाल तर ‘उमेद’च्या (बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या) गावातल्या सीआरपीला, म्हणजे गटांना मार्गदर्शन करणाऱ्या ताईला भेटा. गटात दहा ते वीस बाया असतात. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे या पाच गोष्टी नियमित ठेवल्या की गटाला फिरता निधी मिळतो. हा निधी गटाचा असतो, एकीचा नाही. त्यातून पाच-दहा हजार कमी व्याजानं घेऊन डाळ भरता येते, सावकाराकडे किंवा ओळखीच्यांकडे जावं लागत नाही.

पीएमएफएमई ही केंद्राची योजना २०२० ची, खाद्यपदार्थांच्या लहान उद्योगांसाठी. गटातल्या ज्या बाया असा उद्योग करतात त्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आहे. मशीन, शेड यासाठी बँकेचं कर्ज काढलं तर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. तुम्हाला कर्ज नको आहे, म्हणून दुसरा भाग सध्या बाजूला ठेवा. पहिल्याबद्दल आणि अर्ज सुरू आहेत का याबद्दल तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आमच्या कामात मी जे बघते ते सांगते. अनुदानाच्या नावानं पापडाची मोठी मशीन घेतलेले गट आहेत, मशीन प्लॅस्टिक झाकून ठेवली आहे, कारण तेवढा माल घेणारं कोणी नाही. आधी हातानं करून शंभर पुडे विका. हात पुरेनासे झाले की मशीनचा विचार करा.

बी.ए. झालेल्या आहात हेही लक्षात ठेवा. मुलगा अंगणवाडीत जायला लागला की सीआरपी, बँक सखी ही कामं गावातच राहून करता येतात, मानधन मिळतं. जागा निघाली की ग्रामसंघाच्या (गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या) बैठकीत कळतं, म्हणून बैठकीला जात राहा.

---

मंगरुळपीरची_आजी

मले टाइप करता येत नाही, नात लिहून देऊन रायली. बाई, तुह्या घरी अंगण हाये ना? मंग पाच-सहा गावरान कोंबड्या ठेव. खरकटं, सांडलेली जवारी, किडे-मुंग्या खाऊन त्या जगतात. अंडं गावातच खपते, दहा-बारा रुपयाले कोणीबी घेते, आन घरच्या लेकराच्या पोटातही जाते. खुडूक झाली का अंड्यावर बसवजो. कोंबडा आखाडीले चांगल्या भावात जाते, तवरोक विकू नको.

पण पावसाया लागायच्या आंधी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देजो, जनावराच्या दवाखान्यात भेटते. नाही त आठ दिसात सारा खुराडा रिकामा होते. मुंगूस भल्लं वाईट, सांज झाली का डाल्याखाली झाकून वर गोटा ठेवजो.

---

आर्वीकडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. तो पेन पॅकिंगचा नंबर ब्लॉक केला, गावातल्या महिलांच्या ग्रुपवरही सांगितलं. आमच्याच गल्लीतल्या एकीला तोच मेसेज आला होता, ती पैसे भरायच्याच बेतात होती.

सासूबाईंना काकूंचं उत्तर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की काकू म्हणतात ते भरड वाटण बरोबर आहे, पण त्या कोहळ्याबरोबर थोडा मुळाही घालतात. आम्ही वड्यांनीच सुरुवात करायचं ठरवलं आहे, आणि मी मधल्या वेळात फॉल लावीन. कोंबड्यांचं यांना पटलं, खुराडं ते करून देतो म्हणाले.

काकू, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या वेळी किती डाळ भिजवू? आणि सासूबाईंना त्यांचा वाटा कसा द्यायचा? त्या म्हणतात मला काय करायचे पैसे, घरातच तर आहेत.

---

समुद्रपूरची_काकू

मुळा घालत असतील तर फार छान, पण मग त्या पुड्यावर घटकांत मुळा लिही, आणि मुळाही कोहळ्यासारखाच घट्ट पिळ.

पहिल्यांदा दोनच किलो. त्यातले चार पुडे नातेवाइकांना विकत दे, फुकट नाही, आणि एक घरी शिजवून बघ. एक पुडा पावसाळा संपेपर्यंत बंद ठेव. मग उघडून वास घे, रंग बघ. तुझा माल किती टिकतो हे दुसरं कोणी सांगू शकणार नाही, आणि गिऱ्हाईक ते विचारतंच. ऑर्डर आल्याशिवाय पाच किलोवर जाऊ नको.

सासूबाईंचा वाटा द्यायचाच, त्या नको म्हणाल्या तरी. आमच्या गटात पुड्यामागे मजुरी ठरलेली आहे, जिनं घातल्या तिची. तुम्ही दोघी आहात, पुड्यामागे दहा-दहा रुपये बाजूला काढा, ज्याच्या-त्याच्या डब्यात. त्यांच्या गोळ्या त्या स्वतःच्या डब्यातून आणू दे. बाकी उरेल ते पुढच्या डाळीला. त्यांचं बँकेत खातं असेलच, नसेल तर पोस्टात काढून दे.

आणि डाळ दुकानातून पुडीबंद घेऊ नको. तुमच्याच गावात कोणाकडे मूग असेल तर तो घेऊन भरडून आण, किलोमागे बरेच वाचतात. कोहळा पिकलेला, वरून पांढरी राख धरलेला बघून घे.